खेळाची ओढ : ती लागते कशी आणि टिकते कशी



'माणूस का खेळतो?' हा प्रश्न वरवर पाहता विचारण्याजोगाही वाटत नाही. आवड असते म्हणून खेळतो, असे उत्तर कोणीही देईल. जो खेळत नाही त्याला आवड नाही, किंवा तो आळशी आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु थोडे थांबून पाहिले म्हणजे ध्यानात येते की 'आवड' आणि 'आळस' या शब्दांनी उत्तर मिळत नाही. त्यांनी प्रश्नालाच दुसरे नाव मिळते. तापाने फणफणलेल्या माणसाला 'तुझे अंग गरम आहे' असे सांगण्यासारखेच ते आहे. आवड मुळात लागली कशी, दहाव्या वर्षी लागलेली आवड पंधराव्या वर्षी गेली कुठे, आणि साठीच्या एखाद्या गृहस्थाला ती रोज पहाटे मैदानावर का आणते, याचा उलगडा त्या शब्दांनी होत नाही.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी असे सांगितले आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या पाहणीप्रमाणे, २०२२ साली भारतातील प्रौढांपैकी सुमारे निम्म्या माणसांची तेवढीही हालचाल होत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण शंभरात ४२ होते, तर स्त्रियांत ५७. या हिशेबात खेळच नव्हे, तर कामातली आणि चालण्यातली हालचालही धरलेली आहे. देशातील निम्मी प्रौढ माणसे एकाएकी आळशी निघाली, असे मानायला माझे मन तयार नाही. संघटनेचे काम करणाऱ्याला एक सवय लागते. खात्यातील शंभरांपैकी पन्नास माणसे एखादी गोष्ट करीत नसतील, तर तो दोष माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी त्यांच्या परिस्थितीत शोधतो.

मला आज जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : खेळ सुरू होण्याची कारणे बहुधा माणसाच्या बाहेर असतात, आणि खेळ टिकण्याची कारणे त्याच्या आत असतात. मात्र ही आतली कारणे बाहेरच्या माणसांच्या, म्हणजे आईबापांच्या, शिक्षकांच्या, मंडळांच्या वागणुकीने पोसली जातात किंवा मरतात. म्हणून खेळाची ओढ ही एकट्याची खाजगी बाब नाही. तिची जबाबदारी गावावरही येते.

सुरुवात कोठे होते?

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेऊ. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, डिलाईल रोड या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. खोलीत पाय पसरायला जागा नसे. सर्व जिणे गॅलरीत, चौकात आणि गल्लीत चाले. अशा वस्तीत व्यायामशाळा उभ्या राहिल्या आणि कबड्डीने जोर धरला. त्याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. कबड्डीला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, बूटही लागत नाहीत. मातीची थोडी सपाट जागा, आखलेल्या चार रेषा आणि दोन्हीकडे सात-सात गडी मिळाले की डाव सुरू. गल्लीतल्या पोराने 'मी आता कबड्डीपटू होणार' असा निश्चय कधी केला नसेल. तो दादाच्या मागे मैदानावर गेला, रेषेबाहेर उभा राहून पाहू लागला, आणि एके दिवशी एक गडी कमी पडला तेव्हा कोणीतरी त्याला आत ओढले. आवड त्यानंतर आली.

सोबतीचा हा प्रभाव शास्त्रज्ञांच्याही नजरेस फार पूर्वी आला होता. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट नावाच्या अभ्यासकाने १८९८ साली सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबतीने वा चुरशीने सायकल चालवणारा अधिक वेगाने जातो, असे त्याला दिसले. मग त्याने लहान मुलांना मासे धरण्याच्या गळाची फिरकी गुंडाळायला दिली, कधी एकट्याने, कधी जोडीने. काही मुलांचा हात जोडीने भरभर चालला. काहींवर सोबतीचा परिणाम झाला नाही. आणि काही मुले इतकी गडबडली की त्यांचा हात उलट मंदावला. हा शेवटचा भाग आपण विसरतो. चुरस सर्वांनाच मानवते असे नाही; ज्या मुलाला ती मानवत नाही ते भित्रे ठरत नाही, त्याला दुसऱ्या वाटेने आत आणावे लागते.

सोबतीइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गिरणीत उभा राहणारा माणूस कसला खेळणार? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. कामगारांच्या लढ्याचा इतिहास लिहिताना आपण पगार आणि बोनस यांचे हिशेब मांडतो. पण संध्याकाळच्या प्रकाशात मैदानावर उतरता येणे हीसुद्धा त्या लढ्याची कमाई आहे. आज दोन तास लोकलगाडीत जाणारा कारकून, किंवा रात्री अकरापर्यंत घरोघर पार्सले पोचवणारा तरुण, यांची ही कमाई पुन्हा हातची गेली आहे. त्यांना इच्छाशक्तीचे धडे देणे सोपे असते, परंतु त्यांच्यापाशी मुळात वेळच नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. बाहेरची नोकरी संपली की घरची पाळी सुरू होते, आणि मैदानावर गेलीच तर 'हे वय आहे का?' असे विचारणारे चार जण भेटतात. कबड्डीपुरतेच पाहा : आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली बीजिंगला आली, स्त्रियांची २०१० साली ग्वांगझूला. मध्ये वीस वर्षे गेली. त्या वीस वर्षांत मुलींची आवड झोपलेली होती असे कोण म्हणेल?

टिकते कशाने?

आता दुसरा प्रश्न. आत ओढला गेलेला मुलगा उद्या पुन्हा का येतो?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर आयुष्यभर काम केले. १९८५ साली त्यांनी आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, आणि पुढे खेळाच्या क्षेत्रात तो पुष्कळ ठिकाणी पडताळून पाहिला गेला. त्यांच्या मते माणसाच्या मनाला तीन भुका आहेत. पहिली, मी हे माझ्या मर्जीने करतो आहे असे वाटण्याची. दुसरी, मला हे जमते आहे, कालच्यापेक्षा आज अधिक जमते आहे, असा प्रत्यय येण्याची. तिसरी, मी या माणसांतला आहे, ही मला आपला मानतात, असे वाटण्याची. ज्या कामात या तीन भुका भागतात ते काम माणूस कोणी न सांगता करीत राहतो. ज्यात त्या उपाशी राहतात ते काम त्याला हाकलून करवून घ्यावे लागते.

हे कबड्डीच्या मैदानावर लावून पाहू. चढाईला गेलेला गडी दम घुमवीत निदान रेषा ओलांडतो. अर्ध्या मिनिटाच्या आत निकाल लागतो : गडी टिपला, की पकड झाली, की तो मोकळ्या हाताने परत आला. काय जमले आणि काय चुकले, ते जागच्या जागी कळते. दुसरी भूक इथे भागते. चढाईत डावीकडे जायचे की उजवीकडे, हात लावायचा की पाय टाकायचा, हे त्या क्षणी त्याचे तोच ठरवतो. पहिली भूक भागते. आणि पकडीला साखळी धरताना शेजाऱ्याचा हात घट्ट धरावाच लागतो. तिसऱ्या भुकेची सोय खेळाच्या रचनेतच आहे.

या खेळाच्या नियमांत एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. कबड्डीचे जुने प्रकार तीन : अमर, संजीवनी आणि गामिनी. गामिनीत जो गडी बाद झाला तो सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनीत मात्र आपल्या संघाने समोरचा गडी मारला की आपला बाद गडी उठून परत आत येतो. आजची कबड्डी या संजीवनीच्या वळणाची आहे. आता पाहा, गामिनीत सर्वांत आधी बाद कोण होणार? जो कच्चा तो. आणि सर्वांत जास्त वेळ बाहेर कोण बसणार? तोच. म्हणजे ज्याला खेळण्याची सर्वाधिक गरज, त्यालाच सर्वांत कमी खेळायला मिळणार. संजीवनीचा नियम त्याला पुन्हा पुन्हा आत आणतो.

आपल्या शाळा आणि मंडळे यांनी कबड्डी संजीवनीची ठेवली, पण कारभार मात्र गामिनीचा केला, असे मला खेदाने म्हणावे लागते. शाळेच्या मैदानावर दोन पुढारी एकेक गडी निवडतात, आणि शेवटी एक मुलगा उरतो. तो कोणालाच नको असतो, पण संख्या भरायची म्हणून एका बाजूला ढकलला जातो. हा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल, काहींनी सोसला असेल. त्या मुलाच्या तिन्ही भुका एका मिनिटात मारल्या गेल्या. पुढे चाळीसाव्या वर्षी डॉक्टर त्याला 'काहीतरी खेळत जा' असे सांगतात, तेव्हा त्याचे पाय मैदानाकडे वळत नाहीत, यात नवल ते काय?

बक्षीस, नोकरी आणि ओढ

येथे बक्षिसांचा प्रश्न येतो, आणि तो नाजूक आहे.

डेसी यांनी १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कोड्याचे ठोकळे जुळवायला दिले. त्यांतील काहींना मधल्या बैठकीत कोडे सुटेल तसे पैसे दिले. पुढच्या बैठकीत पैसे बंद केले, तेव्हा पैसे घेतलेल्यांची मोकळ्या वेळात ठोकळ्यांशी रमण्याची ओढ कमी झालेली दिसली. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतील मुलांवर असाच प्रयोग केला. चित्रे काढण्यात मुळातच रमणारी मुले निवडली. काहींना 'चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले. काहींना न सांगता शेवटी ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तो, आधी सांगून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांत घालवीत होती. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले त्यांची ओढ मात्र कमी झाली नव्हती. या विषयावर पुढे वाद झाले. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून असे दिसले की सौद्यासारखे आधी ठरवून दिलेले बक्षीस आतली ओढ कमी करते. पण मनापासून दिलेली शाबासकी, 'तुझी पकड आज चांगली बसली' अशासारखी, ती वाढवते.

यावरून कोणी असा अर्थ काढील की खेळाडूला पैसे देऊ नयेत, नोकरी देऊ नये, गरिबीतच त्याचे तेज टिकते. हा अर्थ साफ चुकीचा आहे, आणि तो बहुधा पोट भरलेली माणसे काढतात. खाशाबा जाधव यांचे उदाहरण पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला, आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले; परत आल्यावर ते फेडण्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवले. त्यांची ओढ आतून होती, हे खरे. पण त्या ओढीला प्रवासखर्च लागत होता, हेही तितकेच खरे.

कम्बळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवतो, तेव्हा तो रेल्वेच्या नोकरीत होता. त्या पगाराने त्याची नेमबाजीची ओढ मारली नाही, उलट तिला आधार दिला. गिरण्यांचेही कबड्डी संघ होते, आणि चांगल्या खेळाडूला गिरणीत नोकरी मिळे. मग नोकरी आणि चित्र काढणाऱ्या मुलांचे प्रशस्तिपत्र यांत फरक कोणता? फरक असा की, पगार माणसाला खेळण्यासाठी मोकळा करतो, तर सौद्याचे बक्षीस खेळण्याचे कारणच बदलून टाकते. पोटाची चिंता मिटली की माणूस खेळाकडे मन देऊ शकतो. पण 'जिंकलास तरच तुला किंमत' असे रोज ऐकवले की खेळ हाही एक मुकादम होऊन बसतो. शाळेत वाढीव गुणांसाठी स्पर्धेला उतरवलेला मुलगा निकालानंतर मैदानावर दिसतो का, हे प्रत्येक पालकाने आपल्या घरात पाहावे.

सोडून का जातात?

याबाबत एक पाहणी मला फार बोलकी वाटते. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉल संघांवर बार्नेट, स्मॉल आणि स्मिथ यांनी ती केली आणि १९९२ साली प्रसिद्ध केली. काही प्रशिक्षकांना त्यांनी थोड्या तासांचे शिक्षण दिले. चांगल्या खेळीची आणि धडपडीची लगेच दाद द्यावी, चूक झाली तर धीर देऊन दुरुस्ती दाखवावी, शिव्या आणि शिक्षा टाळाव्या, एवढाच त्याचा सारांश. खेळाचे तंत्र त्यात शिकवले नव्हते. पुढच्या हंगामात इतर प्रशिक्षकांच्या हाताखालच्या शंभर मुलांतील २६ मुले परत आली नाहीत. शिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांची मात्र शंभरात पाचच मुले गळाली. हरणे-जिंकणे दोन्ही बाजूंना सारखेच होते. म्हणजे मुले पराभवाने पळत नाहीत, अपमानाने पळतात.

आमच्या कामातही हेच दिसते. संपाच्या दिवसांत सभासद भराभर वाढतात. संप मिटल्यावर बैठकीला तोच येत राहतो, ज्याचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले होते आणि ज्याच्यावर एखादे काम विश्वासाने सोपवले होते. भाषणे ऐकून माणूस येतो. पण त्याला हाताला काम आणि मनाला मान मिळाला नाही तर तो राहत नाही.

जे वयाने पुढे गेले आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट सांगतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर सवयीचा अभ्यास केला आणि २०१० साली तो छापला. रोज ठरलेल्या वेळी एखादी लहान गोष्ट करायची : जेवणानंतर चालणे, पाणी पिणे, थोडा व्यायाम. ती अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस पुरेसे होतील असे दिसले, तर कोणाला २५४ लागतील असे. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही. आपण मात्र आठ दिवस जातो, नवव्या दिवशी पाऊस पडतो, आणि 'आपल्याच्याने होत नाही' असे म्हणून कायमचे बसतो. चुकलेला दिवस चुकला; दुसऱ्या दिवशी जावे. आणि शक्य तर कोणाच्या तरी सोबतीने जावे, कारण आपली वाट पाहणारे कोणी आहे हे ठाऊक असले की पांघरूण लवकर निघते.

गावाने काय करावे?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींतील वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी द्यावा अशी तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जागेपुरता उरला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. जेथे मैदाने होऊ शकली असती तेथे मनोरे उभे राहिले. २०१४ सालापासून व्यावसायिक कबड्डी दूरचित्रवाणीवर आली, तिचे प्रेक्षक वाढले, खेळाडूंना मोल आले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पाहणारे वाढले म्हणून खेळणारे वाढतातच असे नाही. पाहून आलेला उत्साह घेऊन मुलगा खाली उतरला, आणि खाली मोटारींच्या रांगाच असल्या, तर तो उत्साह घेऊन तो वर परत जातो.

म्हणून प्रत्येक गावाने आपली मोकळी जागा मोजून ठेवावी आणि तिच्यावर लक्ष ठेवावे. मंडळांनी पहिल्या संघाइतकेच लक्ष दुसऱ्या आणि तिसऱ्या संघाला द्यावे. स्पर्धेत आलेल्या प्रत्येक गड्याला निदान काही मिनिटे मैदानावर उतरवण्याचा नियम करावा. मुलींसाठी आणि घरकाम आटोपून येणाऱ्या स्त्रियांसाठी मैदानावर हक्काची वेळ राखावी, आणि त्या वेळी ते मैदान खरोखरच त्यांचे असावे. शिक्षकांनी आणि वस्तादांनी आधी दाद द्यावी, मग दुरुस्ती सांगावी. आईबापांनी घरी आलेल्या मुलाला 'जिंकलास का?' असे विचारण्याआधी 'मजा आली का? आज काय नवे जमले?' असे विचारावे. यातील एका मैदानाचा प्रश्न सोडला तर कशालाही पैसा लागत नाही.

शाळांना सुटी लागली की संध्याकाळी मैदाने भरून जातात. आपण एखादे दिवशी तिकडे जावे आणि खेळणाऱ्यांकडे न पाहता कडेला बसलेल्यांकडे पाहावे. ती मुले का बसली आहेत ते त्यांना विचारावे. कोणी म्हणेल, मला घेत नाहीत. कोणी म्हणेल, मागे चुकलो तेव्हा हसले होते. कोणी म्हणेल, मला लवकर घरी जायचे आहे, आई कामावर गेली आहे. 'मला खेळायला आवडत नाही' असे म्हणणारा क्वचितच सापडेल, असा माझा अंदाज आहे. ही उत्तरे घेऊन आपापल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीला जावे, आणि स्पर्धेच्या चषकाची उंची ठरवण्यापूर्वी तेथे त्यांचा विचार व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.